श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारी नभोवाणी : जॅझ-प्रक्षेपणाच्या अर्थव्यवहाराचा परामर्श

कीर्तनाच्या शेवटी आरतीचे तबक फिरते, तेव्हा त्यात काही टाकणे न टाकणे हे ज्याच्या त्याच्या मनावर असते. ज्याने काही टाकले नाही त्यालाही आख्यान इतरांइतकेच ऐकू आलेले असते, आणि बुवा पुढच्या खेपेस त्याला मंडपाबाहेर बसवीत नाहीत. तरीही या तबकावर बुवांचा योगक्षेम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अमेरिकेतील काही नभोवाणी-केंद्रे आज नेमक्या याच रीतीने चालतात. त्यांतही ज्यांनी जॅझ-संगीताला वाहून घेतले आहे, अशा केंद्रांचा व्यवहार अर्थशास्त्राच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक आहे. कारण तेथे ऐकणारे थोडे, देणारे त्याहून थोडे, आणि इंटरनेटवरून प्रक्षेपण सुरू झाल्यापासून ऐकणाऱ्या प्रत्येकामागे केंद्राला खर्च सोसावा लागतो. असे असता हा व्यवहार मुळात टिकतो कसा, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नभोवाणीचा खर्च कोणी द्यावा हा प्रश्न तिच्या जन्माबरोबरच उपस्थित झाला. ब्रिटनने १९२२ साली प्रत्येक ग्राहकसंचावर वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना बसविला; आपल्याकडेही रेडिओसंचाचा वार्षिक परवाना काढावा लागत असे, हे जुन्या वाचकांना स्मरत असेलच. अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यू.ई.ए.एफ. केंद्रावरून जॅक्सन हाइट्स येथील बिऱ्हाडांची जाहिरात पैसे घेऊन ऐकविण्यात आली, आणि त्या दिवसापासून तेथील नभोवाणीचा खरा ग्राहक श्रोता राहिला नाही. जाहिरातदार हा ग्राहक झाला आणि श्रोता हा विकावयाचा माल. तिसरा मार्ग, म्हणजे श्रोत्यांनी आपखुशीने पैसे देण्याचा, त्या काळी कोणी गांभीर्याने विचारात घेतल्याचे दिसत नाही.

याचे तात्त्विक कारण पुढे सॅम्युएल्सन यांच्या १९५४ च्या निबंधाने स्पष्ट झाले. जी वस्तू एकाने उपभोगिली तरी दुसऱ्यासाठी कमी होत नाही, अशा वस्तूसाठी आपल्याला किती द्यावेसे वाटते हे प्रत्येक जण दडवून ठेवील, आणि दुसऱ्याच्या पैशावर आपला लाभ पदरात पाडून घेईल. मॅन्सर ऑल्सन यांनी १९६५ साली त्यात भर घातली, ती अशी की समूह जितका मोठा तितकी ही प्रवृत्ती बळावते. या दोघांचे म्हणणे जसेच्या तसे मानले, तर वर्गणीवरची नभोवाणी पहिल्या महिन्यातच बंद पडावयास हवी.

मग जाहिरातींवर ती चालू द्यावी, असे कोणी म्हणेल. तेथे दुसरी अडचण आहे, आणि ती पीटर स्टायनर यांनी १९५२ साली दाखवून दिली. त्यांच्या विचाराचा आशय ध्यानात यावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावात १००० श्रोते आहेत; पैकी ८०० लोकांना चालू गाणी हवी आहेत, १५० लोकांना बातम्या आणि ५० लोकांना जॅझ. प्रत्येक नवा संचालक जिकडे अधिक श्रोते मिळतील तिकडे वळणार. पहिला अर्थातच चालू गाणी लावील. पण दुसराही तेच करील, कारण ८०० पैकी निम्मे म्हणजे ४०० हे १५० हून अधिक आहेत. गाण्यांची पाच केंद्रे होईपर्यंत, दर केंद्राला १६० श्रोते मिळत असल्याने, बातम्यांकडे कोणीही पाहणार नाही. हा हिशेब पुढे चालविला, तर गाण्यांची पंधरा आणि बातम्यांची दोन अशी सतरा केंद्रे उभी राहिली तरी जॅझचे एकही निघत नाही. अठराव्या संचालकाला मात्र तिन्ही वाटा सारख्याच होतात. कोठेही गेला तरी त्याच्या वाट्याला पन्नासच श्रोते येतात. म्हणजे बाजारपेठ एकाच मालाच्या पंधरा आवृत्त्या काढील आणि पन्नास माणसांना उपाशी ठेवील. त्या पन्नासांची भूक किती तीव्र आहे हे जाहिरातदाराच्या तराजूत मोजले जात नाही. तो कान मोजतो, आवड मोजत नाही.

प्रत्यक्षात याहून फारसे निराळे घडले नाही. न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यू.आर.व्ही.आर. हे व्यापारी केंद्र जॅझसाठी ख्यात होते. १९८० च्या सप्टेंबरात एके दिवशी त्याने पूर्वसूचनेशिवाय जॅझ बंद करून ‘कंट्री’ संगीत सुरू केले. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील के.जॅझ हे केंद्र १९५९ मध्ये निघाले आणि १९९४ मध्ये अस्तास गेले. दोन्ही ठिकाणी ही परंपरा पुढे चालविली ती बिगर-व्यापारी केंद्रांनी : न्यूयॉर्कलगतच्या न्यूअर्क शहरात १९७९ पासून जॅझ ऐकविणाऱ्या डब्ल्यू.बी.जी.ओ.ने, आणि सॅन मटेओ येथील महाविद्यालयाच्या के.सी.एस.एम.ने. या केंद्रांचा मुख्य आधार म्हणजे श्रोत्यांची वर्गणी.

या वर्गणी-पद्धतीचे जनकत्व लुईस हिल या गृहस्थाकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीच्या कारणास्तव शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांपैकी तो एक होता. त्याच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियातील बर्कली येथे के.पी.एफ.ए. हे केंद्र १५ एप्रिल १९४९ रोजी सुरू झाले. हिल याचे गणित फार साधे होते. सर्व श्रोत्यांनी द्यावे अशी त्याची अपेक्षाच नव्हती. परिसरातील संभाव्य श्रोत्यांपैकी शंभरात दोघांनी वर्षाला दहा डॉलर दिले तरी केंद्र चालेल, असा त्याचा हिशेब होता. येथे सॅम्युएल्सन यांच्या सिद्धान्ताला तो उत्तर देत नाही. त्याला वळसा घालतो. अठ्ठ्याण्णव जण फुकट ऐकणार हे त्याने आधीच मान्य केले आहे! प्रश्न एवढाच उरतो की दोघे मिळतात की नाही.

प्रारंभी ते मिळाले नाहीत. एफ.एम. लहरी पकडणारे संचच त्या वेळी घरोघरी नव्हते. १९५० च्या ऑगस्टमध्ये पैशाअभावी केंद्र बंद पडले. मात्र ते बंद पडल्यावर श्रोत्यांनी स्वतः निधी जमविला आणि १९५१ च्या मे महिन्यात केंद्राचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. माझ्या मते या नऊ महिन्यांच्या मौनातच पद्धतीचे मर्म आहे. केंद्र चालू असताना ‘मी दिले नाही तर काय बिघडले’ या प्रश्नाला उत्तर नसते. ते बंद पडले की उत्तर सर्वांनाच कळते.

याचा अलीकडील दाखला वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथे मिळतो. तेथील पॅसिफिक ल्यूथरन विद्यापीठाने १९६६ मध्ये स्थापिलेले के.पी.एल.यू. हे केंद्र बातम्या आणि जॅझ असे दुहेरी कार्यक्रम देत असे. त्याच्याच आश्रयाने ‘जॅझ-ट्वेंटीफोर’ नावाचा अहोरात्र जॅझचा प्रवाह इंटरनेटवर सुरू झाला. २०१५ च्या नोव्हेंबरात विद्यापीठाने हे केंद्र शेजारच्या सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केंद्राला विकण्याचा बेत जाहीर केला. रोख किंमत ७० लाख डॉलर. श्रोत्यांनी गिल्ला केला. तेव्हा ३० जून २०१६ पर्यंत तेवढीच रक्कम उभी केल्यास केंद्र श्रोत्यांच्या संस्थेला मिळेल, असे ठरले. अशी रक्कम सहा महिन्यांत वर्गणीने जमेल असे थोड्यांनाच वाटले असावे. ती मे महिन्याच्या अखेरीसच जमली. ३१ ऑगस्ट २०१६ पासून केंद्र के.एन.के.एक्स. या नव्या नावाने स्वतंत्र झाले आणि ‘जॅझ-ट्वेंटीफोर’ही त्याजबरोबर राहिले. यातील एक तपशील विचार करण्याजोगा आहे. खरेदीदारांचा मनोदय त्या लहरीवर चोवीस तास जॅझच चालविण्याचा होता. जायचे होते ते केंद्राच्या वृत्तविभागाचे. म्हणजे श्रोत्यांनी ७० लाख डॉलर मोजले ते केवळ जॅझसाठी नव्हे. ते ज्यांना ‘आपले केंद्र’ म्हणत होते त्या संस्थेसाठी मोजले. वर्गणी ही वस्तूची किंमत नसून आपलेपणाची नोंद आहे, हे यावरून दिसते. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करण्यास जो एकदा हिंडला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.

आता इंटरनेटने या व्यवहारात काय पालट घडविला ते पाहू. मनोऱ्यावरून लहरी एकदा सोडल्या की दहा माणसे ऐकोत वा दहा लाख, खर्च तोच. इंटरनेटवर तसे नाही. तेथे प्रत्येक श्रोत्यासाठी सर्व्हरवरून निराळा प्रवाह सोडावा लागतो. सेकंदाला १२८ किलोबिट या सर्वसाधारण गतीने एका श्रोत्याला तासाभरात सुमारे ५७.६ मेगाबाइट एवढी सामग्री पाठवावी लागते. हजार श्रोते म्हणजे हजार पट. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी ध्वनी आकुंचित करावा लागतो, म्हणजे कानाला जे ऐकू येणार नाही असे गणिताने ठरते ते गाळावे लागते. ही गाळणी कमी गतीस जॅझला फार जाचक होते. या संगीताचा ताल तोलून धरणारी पितळी झांज ही उच्च स्वरांची व गोंगाटासारखी पसरट असते. गती कमी केली की सर्वांत आधी तीच पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येऊ लागते. जाणकार श्रोत्याला हे सहन होत नाही, आणि वर्गणी देणारा तोच असतो.

तथापि तांत्रिक खर्च दिवसेंदिवस उतरत गेला आहे. खरा भार कायद्याचा आहे. अमेरिकेत मनोऱ्यावरून प्रक्षेपण करणारे केंद्र गीताच्या रचनाकाराला मोबदला देते. ध्वनिमुद्रिकेत गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंताला मात्र काहीही देत नाही. ही विषमता जॅझच्या बाबतीत विशेष डोळ्यांत भरते, कारण जॅझ-वादक पुष्कळदा दुसऱ्याची चाल घेऊन तिचे सर्वस्वी नवे रूप उभे करतो. जॉन कोल्ट्रेनने १९६१ च्या ध्वनिमुद्रिकेत रिचर्ड रॉजर्सच्या ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ या नाट्यगीताचा जो विस्तार केला तो ऐकविला, तर मनोऱ्याच्या नभोवाणीवर मोबदला रॉजर्सच्या बाजूस जातो आणि कोल्ट्रेनच्या वारसांना काही नाही. इंटरनेटसाठी १९९८ च्या कायद्याने ही उणीव दूर केली. तेथे जमणाऱ्या मोबदल्यातील निम्मा भाग ध्वनिमुद्रिकेच्या मालकाला, शेकडा ४५ मुख्य कलावंताला आणि शेकडा ५ साथीदारांना मिळतो. कलावंताच्या दृष्टीने हा न्यायच झाला. पण तो आकारला जातो दर गीतामागे, दर श्रोत्यामागे.

२००२ साली हा दर सेंटचा सात-शतांश ठरला, आणि तेवढ्यानेही अनेक लहान केंद्रे मिटली. २००७ च्या मार्चमध्ये तो टप्प्याटप्प्याने वाढवून २०१० साठी ०.१९ सेंट करण्याचा निर्णय झाला, तेव्हा २६ जून २००७ रोजी अनेक इंटरनेट-केंद्रांनी एक दिवस मौन पाळले. पुढे २००९ मध्ये तडजोड होऊन लहान केंद्रांना उत्पन्नाच्या प्रमाणात देण्याची सवलत मिळाली. ती २०१५ अखेर संपली. २०२१ साली विनावर्गणी व्यापारी प्रवाहाचा दर ०.२१ सेंट होता.

हा आकडा क्षुल्लक दिसतो म्हणून त्याचा विस्तार करून पाहू. तासाला बारा गीते धरली तर एका श्रोत्यामागे २.५२ सेंट होतात. सतत हजार श्रोते असलेल्या केंद्राला तासाचे २५ डॉलर २० सेंट, आणि वर्षाचे २,२०,७५२ डॉलर. येथे जॅझच्या पथ्यावर पडणारी एक गोष्ट आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. जॅझची आवर्तने लांब असतात. तासाला आठच रचना बसल्या, तर तोच वार्षिक आकडा १,४७,१६८ डॉलरवर येतो. मोबदला मिनिटांवर नसून रचनांच्या संख्येवर असल्यामुळे, सात-आठ मिनिटे वाजविणारा वादक केंद्राला तीन मिनिटांच्या गायकापेक्षा स्वस्त पडतो! कायदा करणाऱ्यांच्या हे मनातही नसेल.

बिगर-व्यापारी केंद्रांना याहून मोठी सवलत आहे. २०२१ पासूनच्या पाच वर्षांसाठी वर्षाला १००० डॉलर भरले की दर महिन्याला १,५९,१४० श्रवण-तासांपर्यंत दर गीताचा हिशेब द्यावा लागत नसे. महिन्याचे ७३० तास धरता हे सरासरी २१८ श्रोते होतात. त्यापलीकडच्या प्रत्येक श्रोत्यासाठी मीटर सुरू. याचा अर्थ असा की एका मर्यादेनंतर केंद्राची लोकप्रियता हेच त्याचे संकट ठरू शकते. मनोऱ्याच्या काळात फुकट ऐकणारे अठ्ठ्याण्णव जण हिल याला निदान निरुपद्रवी तरी होते. आता ते खर्चाचे धनी झाले.

याच कायद्यात आणखी एक अट आहे, आणि तिचा काच रसिकाला पैशाहून अधिक लागतो. वैधानिक परवान्यावर चालणाऱ्या प्रवाहाला तीन तासांच्या अवधीत एका तबकडीतील तीनांहून अधिक रचना लावता येत नाहीत, आणि एका कलावंताच्या चारांहून अधिक नाहीत. श्रोत्यांनी गाणी नकलून घेऊ नयेत हा हेतू. पण माइल्स डेव्हिसची १९५९ ची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही पाच रचनांची तबकडी, किंवा १९६५ साली प्रसिद्ध झालेली कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची सलग रचना, या नियमाने अखंड ऐकविता येत नाही. त्यासाठी हक्कदारांची निराळी अनुमती हवी. ख्यालातील विलंबित ऐकवून द्रुत पुढच्या प्रहरासाठी राखून ठेवावा, असाच हा प्रकार आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डब्ल्यू.के.सी.आर. या विद्यार्थी-केंद्राची एक सुंदर प्रथा आहे. तेथे लेस्टर यंग, चार्ली पार्कर इत्यादींच्या जन्मदिनी दिवसभर त्या एकाच कलावंताचे वादन ऐकवितात. मनोऱ्यावर तिला काही बाध नाही. निव्वळ इंटरनेट-केंद्राने केवळ वैधानिक परवान्यावर ती उचलू म्हटले तर उचलता येणार नाही.

येथवर इंटरनेटचा तोटाच सांगितला. दुसरी बाजूही आहे. मनोऱ्याच्या नभोवाणीला कोण ऐकतो हे कळत नाही, म्हणून न देणाऱ्याला वगळणे अशक्य असते. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्याशी स्वतंत्र जोडणी असल्यामुळे दार लावून घेणे सहज शक्य आहे. सारांश, अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तूची जी दोन लक्षणे, ती दोन्ही येथे गळून पडली आहेत : प्रत्येक श्रोत्यामागे खर्च येतो, आणि कोणालाही वगळता येते. शास्त्राप्रमाणे अशा वस्तूला तिकीट लागावे. तरीही वर्गणीवरच्या या केंद्रांनी दार उघडे ठेवले आहे. हे औदार्य खरेच. पण त्यात हिशेबही आहे. आजचा वर्गणीदार हा कालचा फुकट श्रोताच असतो. दार लावले तर उद्याचे वर्गणीदार कोठून यावेत? शिवाय हिल याचा शंभरातील दोघांचा नियम एका शहरापुरता होता. जॅझचा रसिक कोणत्याही एका गावी मूठभरच असतो, पण गावे असंख्य आहेत, आणि इंटरनेट या विखुरलेल्या मुठी एकत्र करते.

निधिसंकलनाच्या सप्ताहांविषयी थोडे सांगितले पाहिजे. वर्षातून काही वेळा ही केंद्रे संगीत थांबवून तासन्‌तास देणगीचे आवाहन करतात. देणाऱ्याला पेला, पिशवी अशी भेट मिळते. ऑल्सन यांनी समूहाला कृतिप्रवृत्त करण्यासाठी ज्या वैयक्तिक प्रलोभनांची गरज सांगितली, त्यांचे हे घरगुती रूप होय. यातील विसंगती अशी की ज्याने पहिल्याच दिवशी पैसे दिले त्यालाही उरलेले सहा दिवस तेच आवाहन ऐकावे लागते. दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या वर्गणीदारांची संख्या वाढविण्याकडे केंद्रांचा अलीकडे कल आहे, तो काही अंशी याच कारणाने.

जॅझ हे मुंबईच्या वाचकाला सर्वस्वी परके नाही. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी याचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजत होता, आणि त्यानंतरच्या काळात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी ही कला आत्मसात करून ती हिंदी चित्रपटसंगीतात आणली. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. पुढे १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवरील विलिस कोनोव्हर यांच्या कार्यक्रमाने लघुलहरींवरून जॅझ जगभर नेले. तो सरकारी खजिन्यातून चाले. अमेरिकेच्या १९४८ च्या कायद्यामुळे या प्रक्षेपणाचा प्रसार स्वदेशात होत नसल्याने, ज्यांच्या करातून त्याचा खर्च निघे त्या नागरिकांना कोनोव्हर हे नावही फारसे ठाऊक नव्हते. आज नेमकी उलट अडचण आहे. अमेरिकेचा वैधानिक परवाना अमेरिकेतील श्रवणापुरताच असल्यामुळे परदेशी श्रोत्याचा प्रश्न निराळा पडतो. ‘पँडोरा’ या व्यापारी सेवेने २००७ मध्ये परदेशी श्रोत्यांना दार बंद केले ते याच कारणाने.

अमेरिकेतील सार्वजनिक केंद्रांना वर्गणीखेरीज केंद्र सरकारचा थोडा टेकू होता. १९६७ च्या कायद्याने स्थापन झालेले सार्वजनिक प्रक्षेपण महामंडळ त्यांना अनुदान देई, आणि संगीतहक्कांच्या मोबदल्याची बोलणी सर्वांच्या वतीने एकत्र करून ती रक्कमही भरी. २०२५ च्या जुलैत काँग्रेसने महामंडळाचे पुढील दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, आणि ऑगस्टमध्ये महामंडळाने आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतील केंद्रांच्या उत्पन्नात या अनुदानाचा वाटा लहान होता. ग्रामीण केंद्रांत तो मोठा होता. परंतु एकत्र सौदा करणारा मध्यस्थ गेल्याची झळ जॅझ-केंद्रांना अनुदानापेक्षा अधिक लागण्याचा संभव आहे, कारण अहोरात्र संगीत ऐकविणाऱ्या केंद्राला हा मोबदला बातम्यांच्या केंद्राहून कितीतरी अधिक पडतो, आणि तोही आता वर्गणीदारांच्याच तबकातून निघावा लागेल.